एकमताने मंजूर

आमच्या घरात लोकशाही आजोबांनी आणली. तिचं आम्ही पुढे काय केलं हे बघायचं असेल, तर लाँड्रीच्या इस्त्रीखोलीत यावं लागेल. तिथे दोन दांड्या आहेत, एक खिडकीकडची आणि एक भिंतीकडची. घरातला मोठा ठराव असला की प्रत्येक वाटेकऱ्याने आपल्या नावाचा लाकडी हँगर घ्यायचा. पटलं तर तो खिडकीकडे टांगायचा, नाही पटलं तर भिंतीकडे, आणि तेही सगळ्यांच्या देखत. आजोबा म्हणायचे, ज्याला चारचौघांत स्वतःचं मत टांगता येत नाही, त्याने लोकांचे कपडे धुवायला घेऊ नयेत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही.

नियम इथेच संपला असता तर बरं होतं. पण आजोबांनी त्याला एक शेपूट जोडलं होतं. बैठकीला जो येणार नाही, त्याचा हँगर घरच्या कर्त्याने टांगायचा. त्यांच्या काळी सगळे झाडून यायचे, म्हणून त्या शेपटाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. आमच्या काळात नुसतं शेपूटच उरलं. कित्येक वर्षं माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, रविवारी दुपारी एकटाच इस्त्रीखोलीत जायचा आणि पाचही हँगर एकाच दांडीवर टांगायचा. मग "कुणाची हरकत?" असं रिकाम्या खोलीला विचारायचा आणि "एकमताने मंजूर" म्हणून जेवायला यायचा.

आणि मी? मी जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. मताधिकाराचा धडा असा रंगवायचो की मागच्या बाकावरची झोपलेली पोरंसुद्धा जागी व्हायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! स्वतःचा हँगर शेवटचा कधी हातात घेतला, ते मला आठवत नव्हतं. रविवारी दुपारी मला झोप लागते हो. दादा शहाणा आहे, तो करतोय ते ठीकच असणार, असं म्हणून मी कूस बदलायचो.

हे सगळं चिऊने बिघडवलं.

चिऊ ही दादाची मुलगी. लोकांच्या घरोघरी जाऊन त्यांचे आखडलेले गुडघे आणि खांदे हलते करणं हा तिचा धंदा. वहिनी गेल्यावर वहिनीचा वाटा तिच्याकडे आला आणि वाट्याबरोबर हँगरही आला. कामावर फिरताना तिला एक मंडळ भेटलं. दहा-बारा माणसं, त्यात एक निवृत्त पोस्टमन, दोन शिवणकाम करणाऱ्या बायका, एक गाडी दुरुस्त करणारा. निवडणुकीआधी ही माणसं गल्लीबोळांत दारं ठोठावतात आणि मतदानाला कसं जाणार, केव्हा जाणार, एवढंच विचारतात. कुणाला मत देणार, हे विचारत नाहीत. ज्याला चालवत नाही त्याला गाडीतून नेतात. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, त्याच्याकडे तासभर माणूस बसवतात. लोक त्यांना दारवाले म्हणतात.

लाँड्री दरवर्षी नफ्यातला एक वाटा कुठल्या तरी चांगल्या कामाला देते. यंदा तो दारवाल्यांना द्यावा आणि मतदानाच्या दिवशी आपली व्हॅनही द्यावी, असं चिऊने जेवताना सुचवलं. दादाचा घास हातातच राहिला.

"वेड लागलंय का तुला? अगं, हॉटेलवाले साहेब निवडणुकीला उभे आहेत!"

"मग राहू देत की उभे. आम्ही त्यांना बसा म्हणत नाही आहोत."

"आपली निम्मी मशिनं त्यांच्या चादरींवर चालतात."

"बाबा, बैठक घ्या," चिऊ म्हणाली. "हँगर टांगू. ठराव पडला तर पडला."

दादा लगेच हो म्हणाला. का म्हणणार नाही? बैठक म्हणजे तो आणि चिऊ. चार हँगर त्याचे, एक तिचा.

दुसऱ्या दिवशी चिऊचा मला फोन आला.

"काका, रविवारी बैठकीला येणार ना?"

"येईन की! न येऊन कसं चालेल?"

"कसे येणार?"

"म्हणजे काय? येईन आपला."

"जेवून येणार की न जेवता?"

"जेवून."

"जेवलात की तुम्ही आडवे होता. आमच्याकडेच जेवा. मी घ्यायला येते. कपडे कुठले घालणार आहात?"

मी निमूटपणे सांगितलं. इतकी वर्षं मी या विषयावर व्याख्यानं झोडली, पण माणूस मतदानाला जात नाही याचं कारण त्याला लोकशाही कळत नाही हे नसून तो जेवून आडवा होतो हे आहे, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

आत्याला आणणं सोपं नव्हतं. आत्या म्हणजे आमच्या वडिलांची धाकटी बहीण. इस्पितळात मेट्रन होती. अजूनही कुणी खोकलं की आधी जीभ दाखव म्हणते. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, इमारतीला लिफ्ट नाही, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिने खालचा रस्ता गॅलरीतूनच बघितला होता. चिऊने आठवडाभर रोज जाऊन तिला जिन्याचा सराव करून घेतला. आज चार पायऱ्या, उद्या आठ.

"मला खाली न्यायला कुणी आलं म्हणजे एकतर इस्पितळ नाहीतर स्मशान, असंच मी धरून चालले होते," आत्याने मला नंतर सांगितलं. "मत टांगायला नेतील असं स्वप्नातसुद्धा नव्हतं. बरं वाटलं रे. आपलं कुणालातरी काम आहे म्हटलं."

जिन्यात धापा टाकत तिने चिऊचा गाल कुस्करला आणि म्हणाली, "तुझ्याच बाजूने टांगते गं बाई. एवढं केलंस माझं!"

हे दादाच्या कानावर गेलं, कारण आमच्या घरात गुपित एकाला सांगितलं की पाचांना पोचतं. मग दादाही कामाला लागला. त्याने धाकटीला फोन लावला. धाकटी म्हणजे आमची बहीण बेबी. पन्नाशी उलटली, दुसऱ्या शहरात दातांचा मोठा दवाखाना आहे, पण आमच्यासाठी ती बेबीच.

"तू ये फक्त," दादाने तिला सांगितलं. "बाकीचं मी बघतो."

"काय बघतोस?"

"अगं, तुझं मत."

बेबी "बरं" म्हणाली. तिच्या या बरंचा अर्थ तिच्या नवऱ्यालाही अजून लागलेला नाही.

दादाबद्दल वाचकांचं मत वाईट होण्याआधी एक सांगतो. त्या आठवड्यात तो रोज लाँड्री बंद करून तासभर तिथेच बसायचा. हॉटेलवाल्यांनी त्याला बोलावून घेतलं होतं. धमकी वगैरे काही नाही, उलट सरबत पाजलं. "आमच्या हॉटेलमागच्या वस्तीतली माणसं दमलेली असतात हो, त्यांना सुट्टीच्या दिवशी झोपू द्यावं," एवढंच हसत हसत म्हणाले. त्या वस्तीत नळाला पाणी करंगळीएवढं येतं आणि हॉटेलचा पोहण्याचा तलाव काठोकाठ भरलेला असतो, हे सगळ्या शहराला माहीत होतं. दादालाही माहीत होतं. त्याच वस्तीतून त्याच्याकडे इस्त्रीच्या कामाला माणसं येत होती. चादरी गेल्या तर आधी त्यांचीच कामं जाणार होती. तो बॉयलरकडे बघत बसायचा आणि त्याला काही सुचायचं नाही. वहिनी असती तर तिला विचारलं असतं, असं तो मला म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला असं काही सांगितलं, आणि मी त्यावर "हं" म्हणालो.

रविवारी आम्ही पाचही जण इस्त्रीखोलीत हजर. दादा दारातच थबकला. एवढी माणसं बघायची त्याला सवय नव्हती. खुर्च्या दोनच. एकीवर आत्या, दुसरीवर बेबी. बाकीचे आम्ही हॉटेलच्या चादरींच्या गाठोड्यांवर टेकलो. ज्यांच्यावर हा सगळा खल चालणार, त्यांच्याच चादरी आमच्या बुडाखाली.

"विषय सगळ्यांना माहीत आहे," दादा म्हणाला.

"मला नाही माहीत," बेबी म्हणाली. "मला फक्त ये म्हणालास."

चिऊने सांगितलं. दारवाले काय करतात, पैसे कशाला लागतात, व्हॅन कशाला लागते. एका आजोबांबद्दल सांगितलं. त्यांच्या बायकोला अर्धांगवायू झालाय, तिला सोडून त्यांना कोपऱ्यापर्यंतही जाता येत नाही. मागच्या खेपेला दारवाल्यांमधली एक बाई तिच्यापाशी बसली आणि आजोबा मत देऊन आले. येताना त्यांनी केस कापून घेतले. कित्येक महिन्यांनी.

"कुणाला दिलं त्यांनी?" बेबीने विचारलं.

"विचारत नाही आम्ही."

"तू विचारत नाहीस," दादा म्हणाला. "पण मागची वस्ती बाहेर पडली तर ती कुणाला पाडणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि वर्गणीच्या कागदावर आपलं नाव असणार. साहेब काय दूधखुळे आहेत?"

"म्हणजे लोकांनी मत दिलं तर तुमचे साहेब पडतात, असं तुम्हीच म्हणताय."

"माझे साहेब नाहीत ते! माझं गिऱ्हाईक आहे!"

"आवाज खाली," आत्या म्हणाली. मेट्रनच्या आवाजात म्हणाली, त्यामुळे दोघंही गप्प झाले. मग तिने दादाकडे तोंड वळवलं. "मला एक सांग. ते गिऱ्हाईक गेलं तर तुझी किती माणसं घरी बसतील?"

"निम्मी."

"आणि ती कुठली?"

"मागच्या वस्तीतली," दादा म्हणाला. हे मात्र त्याने हळू आवाजात सांगितलं.

आत्या काठीच्या मुठीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "चिऊ, माझा हँगर दे. नको, मला उठवत नाही आता, तूच टांग. भिंतीकडे."

चिऊला वाटलं, आत्या चुकून बोलली. "खिडकीकडे ना?"

"भिंतीकडे, बाळा. तुला शब्द दिला होता, माहीत आहे मला. पण मत देऊन आलेल्या माणसाची चूल त्या रात्री पेटली नाही तर काय? मला नाही पटत. रागव माझ्यावर."

तेव्हा चिऊचा चेहरा माझ्याने बघवेना. आठवडाभर या बाईला एकेक पायरी उतरवली ती यासाठी? दादाने सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच त्याची त्यालाच लाज वाटली, हेही मला दिसलं. चिऊ उठली. आत्याचा हँगर तिने हातात घेतला आणि भिंतीकडच्या दांडीवर टांगला. वाकडा टांगला गेला होता, तो सरळही केला.

"बघून घे आत्या, नीट आहे?" तिने विचारलं.

"नीट आहे."

त्याच्या शेजारी दादाने आपला हँगर लावला. चिऊने स्वतःचा खिडकीकडे लावला. मग दादा सवयीने पुढे झाला. "बेबी, तू बस, चहा घे. तुझा मी टांगतो."

बेबीने कप खाली ठेवला.

"दादा, मी रोज लोकांच्या तोंडात हात घालून अक्कलदाढा उपटते. एक हँगर मला झेपणार नाही असं वाटतं तुला?"

"अगं, तसं नाही. फोनवर आपलं ठरलं होतं..."

"तुझं ठरलं होतं. मी बरं म्हटलं होतं." आणि तिने हँगर खिडकीकडे असा टांगला की दांडी हलली.

दोन इकडे, दोन तिकडे. चौघांनी माझ्याकडे बघितलं.

आता मी काय केलं ते सांगतो, आणि वाचकांनी खुशाल हसावं. मी घड्याळ बघितलं, खिसे चाचपले आणि म्हणालो, "गाडी नीट लावलीय का बघून येतो."

मी गाडीने आलोच नव्हतो. चिऊने मला आणलं होतं, तिच्या स्कूटरवर मागे बसवून. हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. तरी मी बाहेर गेलो, आणि कुणी काही बोललं नाही, कारण मी असाच आहे हेही सगळ्यांना माहीत होतं.

बाहेर धुतलेले शर्ट प्लास्टिकमध्ये रांगेने लटकत होते. मी त्यांच्यामध्ये उभा राहिलो आणि स्वतःला पटवू लागलो. आत्याचं बरोबर आहे. चिऊचंही बरोबर आहे. दादाचंही चुकत नाही. म्हणजे सगळ्यांचंच बरोबर असेल तर माझी गरजच काय? पाच मिनिटं इथे काढली की मी गैरहजर. दादा माझा हँगर टांगेल, ठराव पडेल, आणि चिऊला मी म्हणेन, अरेरे, मी असतो तर! डोकं किती सुपीक असावं माणसाचं. मला माझं कौतुक वाटायच्या बेताला आलं होतं.

दाराच्या काचेतून आतलं दिसत होतं. दादाने माझा हँगर काढला.

"बाबा, काका आलेत. बाहेर आहेत फक्त," चिऊ म्हणाली.

"खोलीत नाही म्हणजे नाही. नियम आहे."

"बोलावते त्याला मी," बेबी उठली.

"नको, बेबीआत्या," चिऊ म्हणाली. "दारापर्यंत आणणं आपलं काम. आत ढकलायचं नसतं."

हे शेवटचं ती दादाला किंवा बेबीला म्हणाली नाही. काचेकडे बघून म्हणाली. मी दिसत होतो तिला. आणि मला काय आठवावं? तिने आत्याचा हँगर सरळ केला होता. आपल्याविरुद्धचं मत खाली पडू नये म्हणून! असलं काही मी एवढ्या वर्षांत एकाही पोराला शिकवू शकलो नव्हतो, कारण मलाच ते येत नव्हतं.

मी दार ढकललं. "दादा, थांब. मी आहे."

"गाडी?" बेबीने विचारलं.

"नाहीच आहे," मी म्हणालो.

दादाने हँगर माझ्या हातात दिला. मी तो घाईघाईने घ्यायला गेलो आणि तो खाली पडला. वाकून उचलताना पाठीत लचक भरली. अशा रीतीने, एक हात कमरेवर ठेवून, तोंडाने आई गं म्हणत, मी कित्येक वर्षांतलं घरातलं पहिलं मत खिडकीकडे टांगलं.

"तीन-दोन," आत्या म्हणाली.

चिऊ हसलीही नाही, ती बापाकडे बघत होती. आम्हाला वाटलं, आता दादा भडकणार. तो खिशातून फोन काढत होता.

"कुणाला लावतोस?" मी विचारलं.

"साहेबांना."

"आत्ता? अरे, चार दिवस जाऊ देत. कदाचित त्यांना कळणारही नाही."

"दुसऱ्याकडून कळलं तर आपण लपवलं असं होईल. लपवण्यासारखं काय केलंय आपण?"

त्याने फोन कानाला लावला आणि उभा राहिला. मोठ्या गिऱ्हाइकाशी तो बसून बोलत नाही.

"नमस्कार साहेब. लाँड्रीतून बोलतोय. आमच्या घरचा एक ठराव झालाय, तो कळवायचा होता. यंदाची देणगी आम्ही दारवाल्यांना देतोय. हो, तेच. व्हॅनसुद्धा. नाही साहेब, पोरीने नाही, घराने दिलीय. मी? मी विरोधात होतो. माझी बाजू पडली." तो थोडा वेळ ऐकत राहिला. "मान्य आहे ना साहेब, मी विरोधात होतो. पण ठराव झाल्यावर तो माझाही झाला. आता मी एकटा कसा वेगळा होऊ?"

मग नुसतंच "हं", "हं". मग "बरं." फोन त्याने बाकड्यावर पालथा ठेवला.

"उद्यापासून चादरी येणार नाहीत," तो म्हणाला. "या बांधलेल्या तेवढ्या धुऊन पोचवायच्या. पैसे मिळोत न मिळोत."

चिऊ रडू लागली. "बाबा, मला हे नको होतं. माणसांचं काय करायचं?"

"माणसं काढायची नाहीत," आत्या काठी आपटून म्हणाली. "माझं मत पडलं, माझी जीभ नाही पडली. माझ्या इस्पितळात अजून चार जणी मला घाबरतात. उद्या जाऊन त्यांना विचारते, चादरी कुणाकडे धुता म्हणून. चिऊ, जिना उतरवशील ना?"

"उतरवीन," चिऊ डोळे पुसत म्हणाली.

"मीही येतो," मी म्हणालो. सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला पुढे म्हणावं लागलं, "खरंच येतो. जेवायच्या आधी."

दादा तोपर्यंत बॉयलरकडे गेला होता. तिथूनच पाठमोरा म्हणाला, "चिऊ, तुझ्या त्या दारवाल्यांना सांग, मतदानाच्या दिवशी पहिलं दार आमचं ठोठावा."

"आपलं? आपल्याला कशाला?"

"मागच्या दोन्ही खेपांना मी गेलेलो नाही. त्या दिवशी हॉटेलात प्रचाराची माणसं उतरलेली असायची. चादरी दुप्पट यायच्या. वेळच नाही झाला."

चिऊ त्याच्याजवळ गेली. "मी स्वतः येते. पण बाबा, कुणाला द्या, हे आम्ही सांगत नसतो हं."

"ते आता मला कुणी सांगायला नको," दादा म्हणाला, आणि त्याने बॉयलर बंद केला.